जोडरेघांची पुडी

सोमवार, ४ मार्च

आज मालकाकडे सुट्टी मागितली. मागितली म्हणजे काय — शाई ढवळत ढवळत, त्याच्याकडे पाठ करून, शाईच्या डब्याशी बोलल्यासारखं बोललो. म्हणाला, पुस्तक संपलं की जा. झालं! माझी सुट्टी पुस्तकाच्या शेपटाला बांधली गेली.

पुस्तक म्हणजे बाईंचं. बाई शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. चाळीस वर्षं त्यांनी इंग्रजीतले जुने, वापरातून गेलेले शब्द गोळा केलेत. तेही साधेसुधे नाहीत. दोन-दोन, तीन-तीन शब्द मध्ये आडवी रेघ मारून बैलांसारखे जुंपलेले. त्या रेघेला हायफन म्हणतात, मी जोडरेघ म्हणतो. नववीत मला इंग्रजीत शंभरपैकी अकरा मार्क होते. आणि आज मी इंग्रजी शब्दकोश छापतोय! आमच्या मास्तरांना कळलं तर ते पेन्शन परत करतील.

रखडपट्टीचं कारण असं. या वळणाचे खिळे — छपाईची शिशाची अक्षरं — आता कुणी ओतत नाही. आणि आमच्याकडे जोडरेघा आहेत सगळ्या मिळून त्रेसष्ट. एका पानाला तीसेक लागतात. म्हणून मालक दोन पानं जुळवतो, छापतो. मग मी ती पानं सोडतो, म्हणजे एकेक खिळा सुटा करून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकतो. मग त्याच जोडरेघा घेऊन पुढची दोन पानं. दीड वर्ष झालं पुस्तक सुरू होऊन, गाडी एमपर्यंत आलीय. या चालीने मी घरी पोचेन तेव्हा मला दारात कुणी ओळखणार नाही.

ही वहीसुद्धा वाया गेलेल्या पानांचीच आहे. पुढे शब्दकोश, मागे मी.

गुरुवार, ७ मार्च

गुरुवारी चारला बाई येतात. कच्ची छपाई वाचतात, चुका काढतात, चहा पितात, सहाला जातात. मालक गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालतो. बाकी सहा दिवस त्याच्या अंगावर जे असतं त्याला मी शाईपुसणं म्हणतो.

बाई मला शब्द समजावून सांगतात. मी विचारतो म्हणून नाही, मी समोर असतो म्हणून. आज टेल-क्लॉक. घड्याळाचे ठोके मोजत बसणारा आळशी माणूस. नंतर बेंच-व्हिसलर — बाकावर बसून शीळ घालणारा रिकामटेकडा. आणि लॅक-लॅटिन, म्हणजे ज्याला काडीचं येत नाही तो. तीनही शब्द ऐकून मी मान खाली घालून रूळ पुसायला लागलो. चारशे वर्षांपूर्वी त्या लोकांनी माझी इतकी बारीक ओळख करून ठेवली होती!

चार वर्षांत माझी ही सातवी नोकरी. गाड्या धुतल्या, मासे साफ केले, हॉटेलात बशा विसळल्या. कुठे सहा महिन्यांवर टिकलो नाही, आई मला भिंगरी म्हणते ते उगाच नाही. इथे मात्र अकरा महिने झाले. खिळे सोडायला बोटं चपळ लागतात. बोटं शिंप्याच्या पोराची आहेत. बाकी पोरगा कुणाचा ते विचारू नये.

रविवार, १७ मार्च

ताईचा फोन. “काय साहेब, तुमचं पुस्तक संपलं का?” घरच्यांना वाटतं मी पुस्तकं करतो. मी वाटू दिलंय.

मग गंभीर झाली. बाबा जूनअखेर दुकान बंद करतायत. हात थरथरतो. काल सुई ओवताना तीनदा चुकले, चौथ्यांदा आईकडे दिली. ताई म्हणाली, कुलूप लागायच्या आधी ये. बाबांनी बोलावलंय असं समजू नकोस, ते काही बोललेले नाहीत. पण ये.

बाबा चार वर्षांत एकदाही फोनवर आलेले नाहीत. त्यांचं बरोबर आहे. मी पळालो त्या दिवशी मशीनवर एका गिऱ्हाइकाचा कोट होता. एक बाही लावली आणि पळालो. दुसरी तशीच टेबलावर. असं पळून जाणारा माणूस निदान दोन्ही बाह्या लावून तरी पळतो, किंवा एकही न लावता! ताई सांगते, बाबांनी त्याच दिवशी दुसरी बाही लावून कोट वेळेवर दिला. गिऱ्हाइकाला कळलंसुद्धा नाही. बाबांना कळलं.

ताईला म्हटलं, येतो. पण पुस्तक अडलंय. जोडरेघा कमी आहेत.

ती म्हणाली, “कसल्या रेघा?”

समजावायला वीस मिनिटं गेली. तिला पटलं नाही. 

गुरुवार, २८ मार्च

बोलता बोलता बाईंना कळलं की माझे वडील शिंपी. त्यांचं प्रत्येक शब्दाचं एक कार्ड असतं; लगेच पिशवीतून एसचा गठ्ठा काढला, त्यातलं एक कार्ड शोधलं. स्टँड-फर्दर-ऑफ. हे एका कापडाचं नाव होतं म्हणे! जाडंभरडं, स्वस्त. लांबून भारी दिसायचं, जवळ आलं की कळायचं काय ते. म्हणून नाव — जरा लांबच उभे राहा.

मी हसलो. मग रात्रीपर्यंत हसू आलं नाही.

रविवार, ३१ मार्च

ताईला कापडाची गोष्ट सांगितली. बाबा शेजारीच बसले होते, तिने तिथल्या तिथे त्यांना सांगितली. फोनवर फक्त कात्रीचा आवाज.

मग ताई म्हणाली, “बाबा म्हणतायत, असं कापड आपल्याकडेही येतं. धुतलं की कळतं.”

चार वर्षांत माझ्यासाठी बाबांचं हे पहिलं वाक्य. ते मला उद्देशून होतं की कापडाला, हे विचारायची हिंमत झाली नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

आज जो पराक्रम केला तो या धंद्यात पन्नास वर्षांत एखादाच करत असेल.

पान छापून झालं की मालक त्याच्या तबकावर खडूने फुली मारतो. फुली असेल ते मी सोडायचं. आज घाई केली. दोन पानं झटपट सोडली तर मालक लगेच पुढची घेईल, पुस्तक लवकर संपेल, मी जूनमध्ये घरी — असा हिशेब. दुपारपर्यंत दोन्ही पानं सोडून मोकळा. घामाघूम. आणि मग पाहिलं. फुली होती ती शेजारच्या तबकावर, एका पावतीपुस्तकाच्या. मी सोडलेली पानं छापलेलीच नव्हती! मालकाची नऊ दिवसांची जुळणी. अक्षरन् अक्षर नीट, आपापल्या खणात, सुखरूप. असं व्यवस्थित वाटोळं कुणी केलं नसेल.

मालक आला, उभा राहिला, रिकाम्या तबकाकडे पाहिलं. मी मनात सामान बांधायला घेतलं. आठवी नोकरी कुठली, याचाही विचार झाला.

तो म्हणाला, “असू दे. दोन आठवडे मागे गेलो, एवढंच.”

आणि शीळ घालत जुळणीला बसला. शीळ! मला वाटलं धक्क्याने असेल.

बुधवार, १० एप्रिल

अजून शीळ घालतोय.

गुरुवार, ११ एप्रिल

बाईंना सांगायचं काम माझ्यावर. पाठ करून गेलो होतो, तरी मधलं वाक्य विसरलो. बाई रागावतील, रडतील, काहीही. त्या म्हणाल्या, बरं झालं. अशीही मला आणखी एकतीस कार्डं घालायची आहेत, नवी सापडलीत, त्यांना जागा झाली.

माणसं इतकी चांगली असू नयेत. आपल्याला फार लाज वाटते.

सोमवार, २२ एप्रिल

क्वेक-ब्रीच. ज्याची विजार भीतीने थरथरते तो. कार्डावर माझा फोटो लावायचा तेवढा राहिला.

काल ताईला म्हटलं, माझ्याच चुकीने दोन आठवडे आणखी मागे पडलो.  आणि फोन ठेवून चक्क जेवलो. पोटभर. इतकं मोकळं का वाटलं कुणास ठाऊक.

शनिवार, २७ एप्रिल

रॉकेल संपलं म्हणून मागच्या खोलीतलं कपाट उघडलं. वाळलेल्या शाईचे डबे, जुन्या चिंध्या, आणि तळाशी एक पुडी. वजनदार. जाड कागद, सुतळी, वर ओतशाळेची चिठ्ठी. सुतळीची गाठ सैल होती, कोपरा फाटलेला. आत बोट घातलं. शिसं. बारीक, आडवं.

जोडरेघा.

आमच्याच वळणाच्या. शेकड्याने! मला ओळखायला चूक होणार नाही. बाकी सगळे खिळे उलटे वाचावे लागतात, ही एकच गोष्ट उलटी-सुलटी सारखी दिसते, म्हणून माझ्यासारख्या अडाण्याची हिच्याशी पहिली ओळख झाली.

चिठ्ठीवर तारीख आहे. पुस्तक सुरू झालं त्या महिन्याची.

पुडी होती तशी ठेवली. रॉकेल न घेताच परत आलो.

रविवार, २८ एप्रिल

डोकं भणभणतंय. दीड वर्ष हा माणूस त्रेसष्ट रेघांवर रडतोय, आणि कपाटात ढीग! आणि मी इथे सडतोय. ताईचा फोन घेतला नाही.

सोमवार, २९ एप्रिल

बाईंची नवी एकतीस कार्डं लावायला घेतली. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात बाई तारीख घालतात. इंग्रजी येत नसलं तरी आकडे येतात. “नवी सापडलेली” कार्डं वीस-वीस, तीस-तीस वर्षांपूर्वीची! शाई उडालेली, कडा पिवळ्या.

म्हणजे बाई जुनीच कार्डं मागे ठेवतात आणि थोडी थोडी आणतात.

म्हणजे पुस्तक संपायला नको आहे. मालकालाही. बाईंनाही. आणि एकाचं दुसऱ्याला माहीत नाही!

इस्त्रीचा शर्ट. चहाचे कप गुरुवारी दोनदा धुतो. मालकाची बायको जाऊन सहा वर्षं झालीत, बाईंनी लग्नच केलेलं नाही. सत्तरीला टेकलेली दोन माणसं, आणि मला वर्षभर वाटत होतं इथे शब्दकोश छापतायत! याला माझ्यासारखं गाढवच लागतं. इतरांना पहिल्या गुरुवारी कळलं असतं.

हसून घेतलं. मग राग आला. यांच्या दोन कप चहासाठी माझे बाबा दुकानाला कुलूप लावणार.

गुरुवार, २ मे

केलं ते केलं.

चारला बाई आल्या. म्हणाल्या, आणखी चोवीस शब्द सापडले. मालक म्हणाला, अरेरे, आणि रेघा तर त्रेसष्टच. दोघांचे चेहरे असे, की जणू घरात कुणी आजारी आहे. माझं डोकं सणकलं. आत गेलो, पुडी आणली आणि दोघांच्या कपांच्या मधोमध ठेवली. म्हटलं, घ्या रेघा. आणि बाई, कार्डांवर तारखा असतात.

मार्चमध्येच आम्ही एक शब्द छापलाय — मार-ऑल. सगळ्याची माती करणारा. पान मीच धुतलं होतं.

 मालकाचे कान शेंदरी झाले. बाईंनी सावकाश सुतळी सोडली, चिठ्ठी चष्म्याजवळ धरून वाचली.

“पहिल्याच महिन्यात आणलीत?”

मालकाने मान हलवली.

बाई हसायला लागल्या. इतक्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग पिशवीत हात घालून तळातून एक जाड गठ्ठा काढला आणि पुडीशेजारी ठेवला. म्हणाल्या, ही शेवटची दोनशे, यात झेडसुद्धा आहे.

मला वाटलं, आता मी हळूच सटकावं. पण बाई शाळेतल्या. अशा सटकणाऱ्यांना चाळीस वर्षं पकडलेलं.

“थांब. आम्ही दोघं सापडलो. आता तू सांग, तुला घरी जायला कुणी अडवलंय?”

मी मालकाकडे बोट केलं. मालक माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, “मी काय म्हटलं होतं? पुस्तक संपलं की जा, नाहीतर मध्येच जा, महिनाभर मी एकटा रेटतो. हेच ना?”

मी रूळ धुवायला निघून गेलो. रूळ धुतलेलेच होते.

शुक्रवार, ३ मे

ऐकलं होतं मी. चार मार्चला, शाईच्या डब्याशी उभा होतो तेव्हा. नीट ऐकलं होतं. वहीत फक्त पहिलं अर्धं लिहिलं. ही वही कुणी वाचत नाही, तरी तिच्याशीही लबाडी!

त्या दोघांनी पुडी लपवली, कार्डं लपवली, ती निदान एकमेकांजवळ बसायला. मी काय लपवलं? मिळालेली सुट्टी. आणि कशासाठी — लांबच राहायला. जवळ गेलो की बाबा कापड हातात घेऊन बघतील. चार वर्षं, सात नोकऱ्या, पुस्तकं करतो म्हणे! धुतलं की कळतं.

नऊ एप्रिलला ती पानं खरंच चुकून सोडली का? चुकूनच. बहुतेक. फुली तर तळहाताएवढी होती.

रविवार, ५ मे

ताईला फोन केला. मी खिळे वेगळे करून खणांत टाकतो, पुस्तकं करत नाही, असं सांगितलं. ती म्हणाली, ते आम्हाला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे, तुझ्या फोनमागे मालक ओरडत असतो. जूनमध्ये येतोस की नाही तेवढं सांग.

म्हटलं, येतो. रेघांचं काही सांगितलं नाही.

गुरुवार, ३० मे

सगळ्या रेघा खणात. एका वेळी सोळा पानं. मालक जुळवतोय, मी सोडतोय, फुली तीनदा बघतोय. डब्ल्यू संपला. बाई आज आठला गेल्या. नव्या कार्डांचं नाव नाही.

तिकीट काढलं. पंधरा जून.

बुधवार, १२ जून

शेवटचं पान छापलं. मालकाने फुली मारली. मी म्हटलं, सोडू? म्हणाला, हे राहू दे.

गुरुवार, १३ जून

आज काही काम नव्हतं. वाचायला पान नाही, काढायला चूक नाही. साडेतीनला मालक इस्त्रीचा शर्ट घालून उगाच कपाट आवरत होता. घड्याळाकडे किती वेळा पाहिलं ते मी मोजलं नाही. टेल-क्लॉक तो, मी नव्हे. चार वाजले. पाच मिनिटं वर झाली. सात झाली. त्याने दोन कपांतला एक उचलून परत फळीवर ठेवला.

दारावर टकटक.

बाईंच्या हातात पिशवी नव्हती. म्हणाल्या, “काम नाही, माहीत आहे.” आणि नेहमीच्या खुर्चीत बसल्या.

मी कप फळीवरून काढून दिला आणि बाहेर पडलो. माझ्या आयुष्यात मी वेळेवर निघालो असा हा एकच प्रसंग.

मंगळवार, १८ जून

रविवारी घरी पोचलो. बाबा दुकानात होते. मी पायरीवर उभा. काहीतरी बोलायचं ठरवून आलो होतो, वाटेत पाठही केलं होतं. बाबा उठले, जवळ आले, माझ्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून चोळली.  मग बाही सोडली.

 कापड बरं की वाईट, ते सांगितलं नाही.

काल आणि आज दुकानातच बसलो. बाबांनी माझ्यासमोर बटणांचा मोठा पत्र्याचा डबा आणून ठेवला. काठोकाठ भरलेला. काळी, पांढरी, शिंपल्याची, कोटाची, बाळाच्या झबल्याची, सगळी एकत्र. शेजारी रिकाम्या लहान डब्यांची रांग.

“दुकान बंद करायच्या आधी हे निवडून दे,” म्हणाले. “घाई नाही.”

चार वर्षांनी समोरासमोर हे बोलणं. आणि काम कुठलं, तर नेमकं मला येणारं! म्हटलं, दोन दिवसांत उडवतो. खिळ्यांपेक्षा बटणं मोठी असतात. बाबा मशीनकडे वळून बसले. संध्याकाळपर्यंत अर्धा डबा निवडला. बाबा मध्येमध्ये माझ्या बोटांकडे बघत होते.

बुधवार, १९ जून

सकाळी ताई चहा घेऊन दुकानात आली. बाबा बाहेर गेले होते. डब्याकडे बघून हळूच म्हणाली, “गेल्या महिन्यापर्यंत ही बटणं सगळी निवडलेली होती. रंगाप्रमाणे, मापाप्रमाणे. तुझं तिकीट पक्कं झालं कळलं, त्या दुपारी बाबांनी स्वतः सगळी एकात ओतली.”

 बाबा आले, मशीनवर बसले. मी दोन बटणं निवडली. एक परत मोठ्या डब्यात टाकलं.